मुठीचा तांदूळ आणि माझा खोकला

ज्यांना नुकतंच कळलं आहे की आपल्या छातीत डाग आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डाग कशाने होतो, औषध किती दिवस घ्यायचं, ते डॉक्टर सांगतील. डाग कळल्यावर माणसाचं डोकं कसं वाकडं चालायला लागतं ते मी सांगते, कारण माझं आधीपासूनच वाकडं चालायचं.

मी संशयी बाई आहे. आजाराने झाले असं नाही, पहिल्यापासूनच. दूधवाल्यादेखत दुधात बोट बुडवून बघते. देवळात प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, तेव्हा मी एक डोळा किलकिला ठेवून कोण मिटत नाही ते पाहत असे. आमचे हे म्हणत, सरगात गेली तरी दारावरच्या दूताला विचारशील, पत्ता बरोबर हाय ना. माझं नाव करुणा. ते बापाने ठेवलं, त्याला इलाज नाही.

आम्ही बालाघाटला स्टेशनामागच्या आळीत राहत होतो. हे लाकूड डेपोत मुन्शी आणि मी मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. आम्हाला एकच मुलगी, लिली, तेव्हा नऊ वर्षांची. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे तीस-पस्तीस घरं. त्यातली निम्मी आमच्यासारखी भंडाऱ्याकडून आलेली. गाणी मराठीत, उपदेश हिंदीत, आणि भांडणं ज्याला जी भाषा येईल तिच्यात.

मूठ

आमच्या मंडळीत जुनी रीत होती. बाईने स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. ती मूठ प्रभूची. रविवारी प्रत्येक बाई आपल्या मडक्यातला तांदूळ देवळात आणून वेदीजवळच्या टोपलीत ओते, आणि सोमवारी तो आजारी, विधवा, ज्यांच्या घरी चूल थंड आहे अशांना वाटला जाई. कोणाला द्यायचा हे ठरवण्याचं काम सहा वर्षं माझ्याकडे होतं. दुसऱ्या कोणाला ते इतकं चोख जमलं नसतं, असं मला वाटायचं.

बायबलात पौलाने एका मंडळीला लिहिलं आहे की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. एकमेकांची ओझी वाहा, हेही त्यानेच लिहिलं आहे. मला दोन्ही पाठ होतं. दुसरं मी शाळेच्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहीत असे आणि पहिलं हातात छडीसारखं धरून हिंडत असे. तांदूळ मागणाऱ्याच्या घरी मी न सांगता जायची आणि मडक्यांची झाकणं उचलून बघायची.

सोनाबाई देवळामागच्या गल्लीत एकटी राहत होती. तिचा नवरा मँगनीजच्या खाणीत काम करताना मेला होता. ती भाताच्या लावणीच्या दिवसांत रोवणा करायची, उन्हाळ्यात विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायची, आणि अडल्या महिन्यांत मुठीचा तांदूळ घ्यायची. मला खोकला लागला त्या वर्षीच्या चैत्रात मी भर दुपारी तिच्याकडे गेले, तर बाई खाटेवर आडवी. चुलीवरचं झाकण उचललं, तर आत दोन मुठी भात शिल्लक. वाकून पाहिलं, तर खाटेखाली राख घातलेली मातीची वाटी आणि त्यात थुंकलेलं. मला वाटलं, गुडाखू. आमच्याकडे बाया ती तंबाखूची काळी लुकण दातांना घासतात आणि दिवसभर थुंकत बसतात.

मी विचारलं, बारा वाजता झोपायची ही कोणती वेळ? ती म्हणाली, "कमजोरी हाय बाई. उठलो का चक्कर येते."

मी देवळाचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींना जाऊन सांगितलं की बाई दिवसा झोपते, गुडाखू थुंकते आणि चुलीवर भात उरलेला आहे. त्यांनी मला काही विचारलं नाही. सोनाबाईचा तांदूळ बंद झाला. त्यानंतर दोन रविवार ती येऊन देवळाच्या दाराशी बसली, मग यायची थांबली. मी मनात म्हटलं, बघा, तांदळासाठीच येत होती.

ज्या दिवशी कळलं

ज्येष्ठापासून मला खोकला होता. खडूची भुकटी जाते घशात, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि स्वतःलाही. पावसाळ्यात शाळा उघडली. तिसरीच्या वर्गात पाढे म्हणून घेताना खोकल्याची उबळ आली आणि पदराला लाल लागलं. मुलींना दिसू नये म्हणून मी पदर आत खोचला आणि तेराचा पाढा पूर्ण करून घेतला. घरी आल्यावर मात्र ह्यांना पदर दाखवला.

छोट्या लाईनीच्या गाडीने अर्धा दिवस गेलं की एक मिशनचा दवाखाना होता. तिथे छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या होत्या. त्यांनी फोटो खिडकीसमोर धरला आणि सरळ हिंदीत सांगितलं की टीबी आहे, इथे राहावं लागेल, औषध आहे, घाबरू नका.

तुम्हाला वाटेल मला मरणाची भीती वाटली. ती नंतर वाटली. पहिला विचार आला तो हा, की आता आळीत कोणाकोणाला कळणार. हे बाहेरच्या बाकावर बसून हुंदके देत होते, तर मला वाटलं, इतक्या मोठ्याने रडतात ते लोकांना ऐकू जावं म्हणून. सोळा वर्षं संसार केलेला माणूस आणि मी त्याच्या रडण्याचा आवाज मोजत होते. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात, शेजारात, ओळखीत कोणाला फार दिवसांचा खोकला आहे का. मी म्हटलं, कोणी नाही. त्या दिवशी ते मला खरंच वाटत होतं.

लिलीचा फोटो स्वच्छ निघाला. पण तिला माझ्याजवळ ठेवायचं नव्हतं, म्हणून ह्यांनी तिला वारासिवनीला आपल्या बहिणीकडे पोहोचवलं. नणंदेला मुलगी नव्हती. मी खाटेवर पडल्या पडल्या ठरवून टाकलं की ती लिलीला आपलीशी करणार आणि मी बरी झाले तरी परत देणार नाही. लिलीचं पत्र आलं की आत्या रोज वेणी घालते, तर मी ते पत्र चार वेळा वाचलं. वेणीच घालते की कानात काही घालते, हेच मला कळून घ्यायचं होतं.

खाटेखालची वाटी

दवाखान्यात सकाळी सुई. रोज. पहिले आठ दिवस दुखते, मग बसताना कूस बदलत राहायची सवय होते. त्याबरोबर एक पांढरी पावडर, इतकी कडू की पाण्याबरोबर गिळली तरी दुपारपर्यंत तोंडात राहायची. सोमवारी वजन. वजन वाढलं की वॉर्डातली दाई टाळी वाजवायची, आणि मी म्हणायचे काटा सैल आहे. दुपारी बारा ते दोन घंटा वाजवून सगळ्यांना झोपवायचे. बोलायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं पडून राहायचं. झोप हेच अर्धं औषध, असं डॉक्टरीणबाई म्हणत.

नव्या रोग्यांना एक सांगते. सुईपेक्षा ही दुपार जड जाते. बरं वाटायला लागलं तरी ती चुकवू नका. आणि रडू आलं तर रडून घ्या, शेजारची खाटही रडतच असते.

पहिल्या संध्याकाळी दाई आली आणि माझ्या खाटेखाली मातीची वाटी ठेवून गेली. वाटीत राख होती. दाई म्हणाली, "थूकना है तो इसी में थूकना. बाहर नहीं. हम रोज जला देंगे."

मी वाकून त्या वाटीकडे बघत राहिले. अगदी तशीच वाटी मी आधी पाहिली होती. दुपारी आडवी पडलेली बाई, खाटेखाली राख, आणि माझं नाक वर करून घरभर हिंडणं, सगळं समोर आलं. सोनाबाई गुडाखू थुंकत नव्हती. कोणीतरी तिला राख घालून थुंकायला सांगितलं असेल, किंवा तिला तिचंच सुचलं असेल, शेजारच्यांना लागू नये म्हणून. आणि ही कमजोरी माझ्याही अंगात आली होती, उठलं की चक्कर येत होती.

मग दुसरा विचार आला, आणि तो जास्त गोड होता. मलाच तिच्यापासून लागलं असेल. त्या बंद खोलीत मी दहा मिनिटं उभी होते. म्हणजे खरी नाडलेली मीच. दोन-चार दिवस मी या विचारावर काढले. पण त्याने झोप काही येईना.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी फेरीत पुन्हा विचारलं, आठवलं का कोणी? लवकर कळलं तर तो माणूस वाचतो, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, नाही.

हे खोटं होतं आणि मला माहीत होतं की खोटं आहे. नाव सांगितलं असतं तर त्यांनी आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांना पत्र लिहिलं असतं. पाळकसाहेबांनी सोनाबाईला आणलं असतं. मग मंडळीत निघालं असतं की ज्या बाईचा तांदूळ आळशी म्हणून तोडला ती आजारी होती, आणि तोडणारी कोण, तर ही. मी म्हटलं, आधी बरी होऊन घरी जाऊ, मग बघू. माझ्या बरं होण्याला सहा महिने लागणार होते. तिच्याकडे किती आहेत, हा हिशेब मी केला नाही.

तेल

याकोबाने लिहिलं आहे की कोणी आजारी असेल तर मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि एकमेकांजवळ आपली पापं कबूल करावीत. मी कोणाला बोलावलं नव्हतं. ह्यांनीच निरोप धाडला. आश्विनात पाळकसाहेब आणि एक वडील गाडीने आले.

वडील दारातच उभे राहिले. मी लगेच बघितलं, श्वास रोखून धरला आहे का. पाळकसाहेब मात्र आत येऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसले. म्हातारा, बुटका माणूस, छत्रीला ठिगळ. त्यांनी हळूच विचारलं, करुणाबाई, मनावर काही ओझं आहे का? असेल तर सांगा, हलकं वाटेल.

याला कोणी सांगितलं, हे माझ्या डोक्यात पहिलं. दाई काही बोलली की काय? की हे सगळ्यांनाच विचारतात? मी खूप विचार करून म्हटलं, साहेब, मी चिडकी आहे.

"ते आमाले मालूम हाय," पाळकसाहेब म्हणाले. ते थोडा वेळ वाट बघत बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं आणि प्रार्थना केली. तेल थंड होतं, ते भुवईपर्यंत उतरलं तरी मी पुसलं नाही. त्या वेळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. वेळ होती, माणूस चांगला होता, आणि मी गप्प बसले.

दाणे

नाताळाच्या आधी मला घरी सोडलं. सुया अजून चालू होत्या, औषध वर्षभर घ्यायचं होतं, माझं ताट वेगळं ठेवायचं होतं. लिली अजून वारासिवनीलाच होती. शाळेत माझ्या जागी दुसरी बाई लागली होती. पगार एकाचाच, म्हणून मंडळीने मुठीचा तांदूळ आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. तो घेऊन आली मार्थाबाई. दवाखान्यात दारातच उभे राहिलेल्या त्या वडिलांची ही बायको. घर कौलारू, रविवारी रेशीमकाठी पातळ, बोलणं कमी. माझ्यामागे मुठीचं काम तिच्याकडे गेलं होतं.

थैली ठेवून ती गेली आणि मी तो तांदूळ सुपात ओतून अंगणात उन्हात घेऊन बसले. खडे काढायचं निमित्त. खरं म्हणजे मला कोणी काय दिलं ते बघायचं होतं.

ज्यांनी सहा वर्षं टोपली सांभाळली त्यांना मुठीचा तांदूळ वाचता येतो. पस्तीस घरांचा तांदूळ एका टोपलीत पडला तरी दाणा लपत नाही. वासाचा बारीक चिन्नोर दोनच घरांत शिजतो. लुचई जातीचा आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंकडचा. तुटकी कणकी डेपोच्या चौकीदाराची. पॉलिश केलेला पांढराफेक असेल तर तो बाजारातून आणणाऱ्यांचा. मी बोटाने दाणे सारून प्रत्येक घराचा माझ्यावरचा लोभ मोजत होते, आणि कोणाचा दाणा नाही तेही बघत होते.

त्यात मला वेगळेच दाणे दिसले. लालसर, कोंड्यासकट, घरी उखळात कांडलेले, आणि एकाच मुठीत जाड, बारीक, सगळ्या जातींचे. असा तांदूळ कोणाच्या एका शेतातला नसतो. कापणी झाल्यावर बांधाबांधावर पडलेल्या लोंब्या वेचतात, त्या सरव्याचा असतो. गरिबासाठी शेतातला सरवा सोडून द्यावा, असं मोशेच्या नियमात आहे, आणि विधवा रूथने तो वेचला. आमच्या मंडळीत सरवा वेचायला जाईल अशी एकच बाई होती.

म्हणजे सोनाबाई सरवा वेचते आहे. दिवसभर उन्हात वाकून लोंब्या वेचते, घरी येऊन कांडते, वरून मूठही काढते. मग ती कसली आजारी? माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. ती वाटी गुडाखूचीच होती, मी बरोबर होते, आणि डॉक्टरीणबाईंशी मी खोटं बोललेच नव्हते. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला. पुढचे आठ दिवस माझी भूक बघून हे खूश होते. फक्त मधूनच वाटायचं की तिने हे दाणे मला खिजवायला तर नाही पाठवले.

पुढच्या सोमवारी मार्थाबाई थैली घेऊन आली. मी सुपारी कातरत सहज म्हणावं तसं म्हटलं, सोनाबाई हल्ली सरवा वेचायला जाते वाटतं, तिच्या हाताचे दाणे दिसले.

मार्थाबाईने थैली खाली ठेवली. पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, काहीतरी सापडलं.

"ते माहे दाने हायेत, बाई," ती म्हणाली. "माह्या मालकाचं मिलमधलं काम पावसाळ्यातच सुटलं. मी नदीपार सरवा वेचाले जातो, तिकडं आपल्याले कोणी वळखत नाही. तुमी आता मंडळीत सांगसान काय?"

रविवारी रेशीमकाठी पातळ नेसणारी बाई माझ्यासमोर उभी राहून मला भीत होती. मी आजारी, ती धडधाकट, तरी भीत होती. मी म्हटलं, नाही सांगणार. मग विचारलं, आणि सोनाबाई?

"ते तं दसऱ्यापासून खाटेवरून उठली नाही. शेजारची भागरता म्हातारी पेज पाजते तिले. रगत पडते म्हणतात."

भागरताबाईचं घर तीन-चार वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. आमच्या मंडळीचं आणि त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. वाटेत पडलेल्या माणसाला बाजूने जाणाऱ्या याजकाची आणि थांबलेल्या शोमरोनी माणसाची गोष्ट मी दरवर्षी तिसरीच्या मुलींना शिकवत होते. मुलींना मी प्रश्न विचारायचे, यात शेजारी कोण? एकही मुलगी चुकत नसे.

सोनाबाईकडे

मी उठून भात टाकला. ह्यांनी विचारलं, कोणासाठी? मी सांगितलं आणि मग सगळंच सांगितलं, वाटी, फेरीतला प्रश्न, माझं नाही म्हणणं. ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, चल, मी येतो, तुझ्यानं इतकं चालवणार नाही.

खोली तशीच होती. सोनाबाई मात्र खाटेत दिसत नव्हती इतकी बारीक झाली होती. भागरता म्हातारी मला बघून उठली आणि बाहेर गेली. सोनाबाईने माझ्या हातातलं ताट बघितलं, मग मला बघितलं.

"आता काय पाहाले आल्या?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी भात आणलाय आणि तुला दवाखान्यात न्यायला आले आहे. मला हाच आजार झाला होता, मी त्यातून उठले, तूही उठशील. ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "खोली रिकामी पाह्यजे असन कोणाले."

मी तिच्यासारखीच आहे हे मला तेव्हा कळलं. फरक एवढाच की तिला संशय घ्यायचं कारण होतं. गोड बोलून चालणार नव्हतं. मी खाली जमिनीवर बसले आणि तिच्याच भाषेत सांगितलं, "सोनाबाई, तू बिमार हायेस हे मले पावसाळ्यात समजलं. डॉक्टरीणीनं इचारलं, कोणाले खोकला हाय काय. मी नाही म्हणलं. माहं नाव जाईन म्हून."

ती कुशीवर वळली. खोकला आला, तो बराच वेळ चालला. थांबल्यावर तिने विचारलं, "मंग आता काहून सांगून राह्यल्या?"

"झोप नाही लागत."

"म्हंजे तुमच्या झोपीसाठी."

"हौ," मी म्हटलं. दुसरं काही म्हणावं असं मला सुचलंच नाही, आणि ते खरंही होतं.

सोनाबाईने ताटाकडे बोट केलं. "आधी तुमी खा."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच्या ताटात खायला साफ मना केलं होतं. दारात उभे असलेले हे काहीतरी बोलायला लागले, मी हाताने थांबवलं. मी एक घास घेतला. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, उतरतो का नाही ते. मी दुसरा घास घेतला. मग ती कोपरावर उठली आणि ताट आपल्याकडे ओढलं. चार घास खाऊन म्हणाली, "परवा जाऊ. उद्या भागरताबाईले सांगतो."

तिसऱ्या दिवशी भागरताबाईच्या दोन मुलांनी आणि ह्यांनी तिला खाटेसकट स्टेशनावर नेलं.

त्यानंतर

सोनाबाई दवाखान्यात अडीच महिने जगली. मी माझ्या तपासणीला गेले तेव्हा दोनदा तिला भेटले. पहिल्यांदा तिचं वजन दीड शेर वाढलं होतं आणि दाईने टाळी वाजवली असं तिनेच सांगितलं. दुसऱ्यांदा ती फार बोलली नाही. होळीच्या सुमारास ती गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पावसाळ्यात आली असती तर वाचली असती. मी त्यांना सांगितलं की पावसाळ्यात तुम्ही विचारलं होतं आणि मला माहीत होतं. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीत बसल्या, पेन उघडलं आणि विचारलं, आणखी कोणी आहे? या वेळी मी आख्खी गल्ली सांगितली. भागरताबाईचा फोटो स्वच्छ निघाला, गल्लीतला एक तरुण मुलगा मात्र आजारी सापडला. तो वाचला. म्हणून हे वाचणाऱ्या रोग्याला माझं सांगणं एवढंच आहे की डॉक्टर विचारतील तेव्हा नाव सांगा. अब्रू, भांडण, जुनं वैर, काय असेल ते असू द्या, नाव सांगा.

लिली उन्हाळ्यात परत आली. आत्याने तिला फक्त वेणीच घालायला शिकवली होती.

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी मी पाळकसाहेबांना विचारून मंडळीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मार्थाबाईची गोष्ट सोडून सगळं. सांगताना मी डोळे उघडे ठेवले होते, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. कोणी उठून गेलं नाही. नंतर दारात बाया माझ्याभोवती जमल्या, हात धरले, म्हणाल्या की कबूल केलं, आता देवानं माफ केलं, रडू नका. मोठ्या बाई म्हणाल्या, परमेश्वर पाप समुद्राच्या तळाशी टाकतो. वडीलही म्हणाले, झालं गेलं विसरा.

मला ते सगळं फार लवकर झाल्यासारखं वाटलं. त्या अडीच महिन्यांत मी तिला दोनदा भेटले आणि माफ कर असं एकदाही म्हणाले नव्हते, कारण ती नाही म्हणेल अशी भीती होती. तिनेही आपणहून काही म्हटलं नव्हतं. आणि आता ही सगळी माणसं तिच्या वतीने मला माफ करून मोकळी होत होती.

सगळे गेल्यावर पाळकसाहेब देवळाला कडी लावायला आले. त्यांनीही माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, करुणाबाई, क्षमा झाली असं समजा.

मी विचारलं, "साहेब, तुमाले सोनाबाईनं सांगतलं काय?"

त्यांनी माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. "नाही सांगतलं," ते म्हणाले. हातात कडी धरून ते तसेच उभे राहिले, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा एका माणसावर संशय आला नाही.